सरकारी पैशातून भ्रूणाच्या स्टेम सेलवर संशोधन : पटतं का तुम्हाला?

चिंतामणी_जे
अमेरिकेत भ्रूणाच्या स्टेम सेलवरच्या (शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, ज्या काढताना भ्रूण नष्ट होतो) संशोधनाच्या फंडिंगबद्दल वाचतोय आणि एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. तिथे 1996 पासून डिकी-विकर नावाची अट दरवर्षी बजेटला जोडतात, मानवी भ्रूण नष्ट होणार असेल तर त्या कामाला केंद्राचा पैसा नाही. पण तेच काम, म्हणजे भ्रूणातून पेशी काढणं, कोणी खाजगी पैशातून केलं की पुढे त्या पेशींवर संशोधनाला ग्रँट मिळू शकते! बुशनी 2001 मध्ये फक्त 9 ऑगस्टच्या आधीच्या सेल लाइन्सना (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींना) केंद्राच्या पैशाची परवानगी दिली, ओबामांनी 2009 ला ती तारीख काढली, डिकी-विकर मात्र तसंच. चूक असेल तर नंतरही पैसा नको, आणि चूक नसेल तर आधी का नको? शिवाय ज्यांना ही हत्या वाटते त्यांचाही टॅक्स त्यात जातोच ना.

शुभदा_के
आमचं आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) झालंय म्हणून लिहिते. उरलेले भ्रूण फ्रीझरमध्ये असतात, दरवर्षी भाडं भरायचं आणि एक दिवस नको म्हणून सही करायची. पाच दिवसांचा, शे-दोनशे पेशींचा गोळा असतो तो, तरी सही करताना हात जड होतो हो. आपल्याकडे 2021 च्या एआरटी (अशा उपचारांसाठीच्या) कायद्यात दहा वर्षांनंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायचे असं आहे. मी संशोधनालाच देईन. ज्यांना नको त्यांनी देऊ नये, पण माझी संमती असताना सरकारने हात का आखडावा?

पेशवाईतला_पोरगा
टॅक्सचा मुद्दा सगळ्यालाच लागू होतो, युद्ध नको म्हणणाऱ्याचाही पैसा सैन्याला जातोच. आणि सरकार बाजूला झालं म्हणून काम थांबत नाही, 1998 ला अमेरिकन शास्त्रज्ञ थॉमसननी भ्रूणातून पहिल्या मानवी सेल लाइन्स काढल्या त्या जेरॉन कंपनीच्या पैशावर. फक्त मग व्यापारी वापराचे बरेचसे हक्क कंपनीच्या हातात. बुशच्या काळात तर लॅबवाले केंद्राच्या ग्रँटचा मायक्रोस्कोप वेगळा आणि खाजगी कामाचा वेगळा ठेवायचे. शेवटी कॅलिफोर्नियाने 2004 मध्ये थेट मतदान घेऊन या संशोधनासाठी राज्याचे 3 अब्ज डॉलर मंजूर केले. संमती म्हणतात ती ही.

मृण्मयी_आर
सरकारी पैसा म्हणजे आपोआप नीट काम असं नाही पण. दक्षिण कोरियात क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून स्टेम सेल काढल्याचा दावा करणाऱ्या ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाला सरकारने भरभरून पैसा दिला, त्या कामाला स्त्रियांची बीजांडं लागतात म्हणून त्यांच्याच लॅबमधल्या ज्युनियर मुलींची बीजांडं घेतली गेली आणि 2006 ला दोन्ही गाजलेले पेपर खोटे म्हणून मागे घेतले. भ्रूणावर सगळे भांडतात, त्या मुलींचं कोण बोलतं? कॅलिफोर्नियाने निदान खर्च सोडून बीजांडासाठी पैसे द्यायचे नाहीत असं लिहून तरी ठेवलं.

चिंतामणी_जे
मृण्मयी, हा अँगल माझ्या डोक्यातच नव्हता. पण जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी 2006-07 मध्ये साध्या त्वचेच्या पेशीत काही जीन्स घालून तिचे स्टेम सेल बनवले, नोबेलही मिळालं, मग आता भ्रूण लागतातच कशाला?

पेशवाईतला_पोरगा
अहो, कोणते जीन्स वापरून बघायचे हे यामानाकांना भ्रूणाच्या स्टेम सेलवरच्या कामातूनच कळलं ना! आणि या नव्या पेशी बरोबर जमल्यात का हे तपासायलाही तुलनेला त्याच लागतात.