आयत्या बिळातला नागोबा नक्की कोण?

खटाटोपी

परवा कट्ट्यावर मी म्हणालो की ट्विटरने बाहेरच्या डेव्हलपरांना, म्हणजे त्याच्या एपीआयवर (बाहेरच्या ॲपला माहिती देण्या-घेण्याचं दार) ॲपं बांधणाऱ्यांना, वाऱ्यावर सोडलं. त्यावर एक मित्र फटकन म्हणाला, "आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलात, आता हाकलल्यावर रडता कशाला?" म्हण मला मान्य आहे. फक्त नागोबा कोण यावर आमचं जमेना, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की आधी बीळ कोणी खणलं ते बघा. 'ट्वीट' हा शब्द आणि तो निळा पक्षी रूढ केला २००७ मध्ये ट्विटरिफिक या बाहेरच्या ॲपने. शोधायची सोय समाइझची, ती कंपनी ट्विटरने जुलै २००८ मध्ये विकत घेतली. यादी बोटाने खाली ओढली की ताजी होते ना? ती करामत लॉरेन ब्रिक्टरच्या ट्वीटी ॲपमधली, आणि ट्वीटीही एप्रिल २०१० मध्ये ट्विटरनेच घेतलं. मग मार्च २०११ मध्ये निरोप आला की आमच्यासारखी ॲपं आता बनवू नका. ऑगस्ट २०१२ मध्ये नव्या ॲपला एक लाख वापरकर्त्यांचं कुंपण घातलं. शेवटी १२ जानेवारी २०२३ ला ट्वीटबॉट (असंच एक बाहेरचं ॲप) आणि ट्विटरिफिक एका रात्रीत बंद, ना इशारा ना पत्र. त्यानंतर आठवड्याने, १९ तारखेला, करारात कलम घुसवलं की पर्यायी ॲपला मनाई आहे. म्हणजे दुकान आधी पाडलं आणि नोटीस मागाहून चिकटवली.

सरळमार्गी

असहमत. समाइझला पैसे मिळाले, ब्रिक्टरला मिळाले, यात लुबाडणूक कुठली? ट्विटर जगायचं जाहिरातीवर आणि ट्वीटबॉटमध्ये त्या जाहिराती दिसायच्याच नाहीत. सर्व्हरचं बिल एकाने भरायचं, ॲपचे पैसे दुसऱ्याने खिशात घालायचे. माझ्या हॉटेलातली मिसळ फुकट उचलून शेजारी टपरी टाकायची, आणि वर सांगायचं की तर्रीचा रंग मीच शोधला!

ठाणेकर_नीता

पण मिसळ तुमची कुठे आहे? लिहितात लोक, तेही फुकट. तुम्ही फार तर टेबलं मांडलीत.

आणि हे सगळे मोठ्या ॲपवाल्यांचे तंटे झाले. आमच्यासारख्यांचं रडगाणं वेगळंच आहे. दादरच्या काही साडीवाल्यांसाठी मी एक छोटी सिस्टीम चालवते. फोटो एकदा टाकला की सोशल नेटवर्कवर जातो आणि खाली आलेल्या विचारणा एका जागी जमतात. नेटवर्कचं नाव घेत नाही, उद्या परत त्यांच्याच दारात उभं राहायचंय. परवानगीसाठी स्क्रीनचं रेकॉर्डिंग मागतात. पाठवलं. उत्तर आलं, 'परवानगीचा वापर दिसला नाही.' दुसऱ्यांदा बाण काढून, लाल गोल मारून पाठवलं. तेच उत्तर, स्वल्पविरामासकट तेच. तिसऱ्यांदा काहीही न बदलता पहिलंच रेकॉर्डिंग पाठवलं, मंजूर! माणूस बघतो की यंत्र, देव जाणे.

मग टोकन, म्हणजे दुकानदाराच्या खात्यात शिरायची डिजिटल किल्ली. साठ दिवसांनी मरतं. नूतनीकरण आपोआप होतं, पण दुकानदाराने पासवर्ड बदलला की ते वेळेआधीच गचकतं. ऐन लक्ष्मीपूजनाला एकाचं गेलं होतं. त्याला टोकन म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि असायचं कारणही नाही. त्याला फक्त नीताताईचा नंबर ठाऊक आहे.

खडूस

४२९.

('फार वेळा मागितलंत, थांबा' असं सांगणारा सर्व्हरचा आकडा. ज्यांना कळलं त्यांना कळलं. बाकीच्यांनी पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करावा.)

सरळमार्गी

नीताताई, तुमचा जाच खरा आहे. पण ती रेकॉर्डिंगं कुणामुळे मागू लागले? फेसबुकने २००७ मध्ये दार सताड उघडलं. वापरकर्त्याने हो म्हटलं की त्याच्या मित्रांचीही माहिती ॲपला मिळायची. पुढे एका प्रश्नमंजुषेचं ॲप साधारण २ लाख ७० हजार जणांनी घेतलं आणि फेसबुकच्याच हिशेबाने ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीकडे गेली असावी. २०१८ मध्ये ते बाहेर आलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत ५ अब्ज डॉलरचा दंड बसला. दार उघडं ठेवलं तरी शिव्या, लावलं तरी शिव्या. मालकाने करायचं काय?

खटाटोपी

छान उदाहरण दिलंत, ते माझ्याच बाजूचं आहे. मित्रांची माहिती देणं बंद करणार हे फेसबुकने एप्रिल २०१४ मध्ये जाहीर केलं आणि जुन्या ॲपांना एप्रिल २०१५ पर्यंत मुदत दिली. वर्षभर! तेव्हाही कितीतरी ॲपं मेली, पण त्यांना आवराआवर करायला वेळ मिळाला. माझा राग दार लावण्यावर नाही, बोटं दारात असताना लावण्यावर आहे.

बे_एरियातला_बंड्या

रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळाचं प्रकरण कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. ३१ मे २०२३ ला रेडिट वाचायच्या अपोलो ॲपच्या ख्रिश्चन सेलिगने रेडिटचा नवा दर जाहीर केला: ५ कोटी विनंत्यांना (ॲपने माहितीसाठी सर्व्हरला मारलेल्या हाकांना) १२,००० डॉलर. अपोलोच्या महिन्याला सुमारे ७ अब्ज विनंत्या. म्हणजे १४० गुणिले १२,०००, महिन्याला १६ लाख ८० हजार डॉलर, वर्षाला दोन कोटींच्या वर. दर लागू १ जुलैपासून. हजारो समूहांनी १२ जूनपासून टाळं ठोकून निषेध केला आणि ३० जूनला अपोलो बंद झालं.

सरळमार्गी

आकडे फेकून घाबरवू नका. सेलिगच्याच हिशेबाने ते माणशी महिन्याला अडीच डॉलर पडत होते. तेवढे वापरणाऱ्याकडून घ्यायचे! शिवाय रेडिटचा रोख एआयवाल्या कंपन्यांवर होता. त्यांनी सगळ्या गप्पा फुकट उपसून नेल्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं, काय करणार.

बे_एरियातला_बंड्या

अहो, तुमचं ओलं जळतं तेव्हा असं म्हणून दाखवा. वर्षाचे पैसे आधीच भरलेली गिऱ्हाईकं होती त्याची. त्यांना जुन्या दरात नव्या खर्चाची सेवा द्यायची की पैसे परत करायचे? परताव्याचा त्याचा अंदाज अडीच लाख डॉलरचा होता. तीस दिवसांत दर बदला, ॲप बदला, गिऱ्हाइकांना समजवा, ॲप स्टोअरची मंजुरी मिळवा. हे फक्त एक्सेलमध्ये होतं.

एक मात्र रेडिटच्या बाजूनेही सांगतो. दृष्टिहीनांना उपयोगी पडणाऱ्या रेडरीडर, डिस्टोपियासारख्या बिगर-धंदेवाईक ॲपांना त्यांनी सूट दिली. ओरडा झाल्यावर दिली, पण दिली.

अवांतर_आजोबा

मी १९८० च्या दशकात कोबॉल लिहायचो. आमचं एपीआय म्हणजे शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी. ते रजेवर गेले की सेवा बंद. चालू द्या.

खटाटोपी

आजोबा, _/\_

थोडी मराठी अडचणही सांगतो. यात दोष कुठल्या कंपनीचा नाही, माझाच. एपीआयमधून येणाऱ्या मजकुरातले हॅशटॅग वेगळे काढायला मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत नेहमीचा, 'शब्दातलं अक्षर' ओळखणारा नमुना वापरला. त्याच्या लेखी काना-मात्रा-वेलांटी ही अक्षरंच नाहीत. '#मराठी' वाचताना तो कान्यापाशी थांबला आणि डॅशबोर्डवर सर्वात लोकप्रिय हॅशटॅग दिसू लागला '#मर'. गिऱ्हाइकासमोर! तो म्हणाला, "लोक एवढे चिडलेत आमच्यावर?"

मोजणीचंही तसंच. 'क्षत्रिय' आपल्याला तीन अक्षरं, यंत्राला आठ. ट्वीटला १४० अक्षरांची मर्यादा होती त्या काळात मराठी माणूस उगाच लवकर गप्प व्हायचा.

सरळमार्गी

हाहा, '#मर' जबरी. पण बघा, म्हणजे निम्मी दुखणी तुमच्या कोडमध्ये आहेत!

आणि बदल नीटही करता येतो हे ट्विटरनेच दाखवलं होतं. २०१० मध्ये ट्वीटचे क्रमांक इतके मोठे होणार होते की जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेला ते नेमके धरता येईनात. ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे तिची शेवटच्या आकड्यात गफलत होते. म्हणून तोच क्रमांक मजकूर म्हणूनही पाठवायला लागले. ज्यांनी सूचना वाचली त्यांचं काही बिघडलं नाही.

खटाटोपी

त्याच ट्विटरने २ फेब्रुवारी २०२३ ला सांगितलं की फुकट एपीआय ९ तारखेपासून बंद. सात दिवस! नवे दर मात्र जाहीर केले मार्चअखेर. न्यूयॉर्कच्या एमटीए या सार्वजनिक वाहतूक संस्थेने एप्रिलमध्ये गाड्यांच्या खोळंब्याच्या सूचना तिथे टाकणं थांबवलं, मग मे महिन्यात सार्वजनिक सेवांना पुन्हा फुकट केलं. भुयारी रेल्वे काय कुणाच्या बिळावरचा नागोबा होती?

तळ्यात_मळ्यात

मग मॅस्टोडॉनवर या की, ट्विटरसारखंच पण अनेकांच्या वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं नेटवर्क. ट्वीटबॉटवाल्यांनी बारा दिवसांत त्याच्यासाठी आयव्हरी ॲप आणलं. तिथला नियम कुणा एकाच्या लहरीवर बदलत नाही.

बे_एरियातला_बंड्या

आयव्हरी बारा दिवसांत झालं नाही हो, आधीपासून बनत होतं. मर्यादा तिथेही आहे, मूळ सेटिंगनुसार पाच मिनिटांत ३०० विनंत्या. शिवाय सर्व्हर चालवणारा हौशी माणूस कंटाळला की सर्व्हरच जातो.

ठाणेकर_नीता

आणि माझे साडीवाले? त्यांची गिऱ्हाईकं जिथे आहेत तिथेच मला बसावं लागणार. मी नागोबाही नाही आणि मुंगीही नाही, त्या वारुळावर दूध वाहणारी बाई आहे.

खडूस

दूध पिणार कोण ते ठरलं का?

सरळमार्गी

बरं, मुदत हवी हे मला पटलं. किमान सहा महिने, लेखी. फुकट मात्र नाही.

खटाटोपी

फुकट मागितलं कुणी? मी पहिल्यापासून नोटीस मागतोय.

ठाणेकर_नीता

तुमचं चालू द्या. साडीवाल्याचा फोन आलाय, "ताई, फोटो जात नाहीयेत." पासवर्ड बदललेला दिसतोय.