मदत हवी आहे: बाहेर सोडायची भीती वाटते, मग मुलाने खेळायचं कुठे?

नमस्कार मंडळी. मुलगा 9 वर्षांचा आहे. आमच्या रस्त्यावर गाड्या भरधाव जातात, फुटपाथ नाही आणि अंधार पडला की दिवे असून नसल्यासारखे. त्यामुळे शाळा सुटली की तो घरातच असतो. हल्ली चिडचिड वाढली आहे, झोपही उशिरा लागते. सगळा दोष न खेळण्याचा असं मी म्हणत नाही, पण सुट्टीत भावंडांबरोबर दिवसभर हुंदडला की तोच मुलगा वेगळा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी किमान 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. घरात दोरीउड्या मारून वेळ भरेलही, पण सोबत्यांशी भांडणं, राज्य घेणं, रुसवेफुगवे कुठून आणायचे? मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

कुणी शेजारच्या पालकांबरोबर आळीपाळीने मुलांवर लक्ष ठेवायची व्यवस्था केली आहे का? ती टिकली का? ठरावीक वेळ रस्ता गाड्यांना बंद ठेवायची किंवा गतिरोधकांची मागणी कुणी मान्य करून घेतली असेल तर अर्ज कसा केला तेही सांगा. आणि चिडचिड किती दिवस राहिली तर समुपदेशकाकडे जावं? (‘क्लास लावा’ हे उत्तर नको, प्लीज. क्लास आहेतच.)