लेझीमचा गोल आणि उंचीचे क्रमांक: मांडणी एकच का?

आठवी_ब_च्या_बाई:
गॅदरिंगच्या लेझीमसाठी १० मुली गोलात उभ्या करायच्यात. पीटीच्या सरांनी उंचीप्रमाणे १ ते १० क्रमांक दिले. ओळीत छान दिसतात, पण ओळ वळवून गोल केला की १० नंबरची ताडमाड मुलगी थेट १ नंबरच्या चिमुरडीशेजारी येते. म्हणून मी अट घातली: शेजारणींच्या क्रमांकांत २ पेक्षा जास्त फरक नको. एकीने लगेच सांगितलं: १, ३, ५, ७, ९, १०, ८, ६, ४, २. आता तिचा हट्ट आहे की दुसरी मांडणी नाहीच! खरं का? आणि फरक ३ चालवला तर? मी गणितच शिकवते, तेव्हा ‘कॉम्प्युटरवर तपासलं’ हे उत्तर नको.

निवृत्त_मास्तर:
पोरगी बरोबर आहे बाई. १ च्या शेजारी फक्त २ आणि ३ चालतात, म्हणजे दोघी लागतातच. आता २ च्या दुसऱ्या बाजूला कोण? ३ आणली तर तिघींतच गोल मिटतो, बाकीच्या सात बाहेर. म्हणून ४. मग ३ ला ४ दिली तर चौघींत मिटतो, म्हणून ५. असंच ४ ला ६, ५ ला ७... शेवटी ९ आणि १० एकमेकींना भिडतात. निवडीला जागाच नाही.

मात्र आधी ठरवा, गोल फिरवला किंवा उलट वाचला तर तो तोच धरायचा का. खडूने १० जागांना नंबर टाकलेत तर हीच मांडणी २० होते. मोजणीतली निम्मी भांडणं इथलीच.

चहा_आणि_क्रमपर्याय:
फरक ३ ला ५ मुलींपासून सुरू करा. बंधन नसेल तर ४!/२ = १२ गोल (४! म्हणजे ४×३×२×१; उलट वाचलेला गोल तोच धरला, म्हणून भागिले २). फक्त १ आणि ५ शेजारी नकोत. त्यांची जोडी एक धरली की ३!/२ × २ = ६ गोल बाद, उरले ६. सहा मुलींना १-५, १-६, २-६ या जोड्या नकोत: एकूण ६०, प्रत्येक जोडीचे २४ म्हणजे ७२ वजा, दोन जोड्या एकत्र असलेले जास्त वेळा वजा झाले म्हणून २४ परत, तिन्ही असलेले २ पुन्हा वजा: ६० − ७२ + २४ − २ = १०. (चार मुलींना अर्थातच ३.) आता ३, ६, १० बघून वर्ग एका सुरात ‘पुढे १५!’ म्हणेल. म्हणू द्या. सातला १७ येतात.

आठवी_ब_च्या_बाई:
वा! पण सर म्हणतात, सगळ्या फरकांची बेरीज कमीत कमी ठेवा, तेवढं पुरे. पटेना.

निवृत्त_मास्तर:
पटू नयेच. १ पासून १० पर्यंत दोन्ही बाजूंनी जावं लागतं, म्हणून बेरीज ९ + ९ = १८ च्या खाली जात नाही. तुमच्या मुलीच्या गोलात बरोबर १८ येते. पण २ ते ९ मधल्या प्रत्येकीला डावी किंवा उजवी बाजू द्या, दोन्हीकडे चढत्या क्रमाने उभ्या करा, तरी १८ च. असे २⁸ = २५६, आरसा वगळून १२८ गोल. सगळ्या आठ जणी एकाच बाजूला गेल्या तर? सरांची नुसती वळवलेली ओळ. तिचीही बेरीज १८!