‘दोक्युसेई’ची पानं उलटसुलट आहेत का?

कपाशीवाला (दारव्हा तालुका): काल लाईन गेली, म्हणून मोबाइलवर आसुमिको नाकामुराची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उघडली. जपानची पोट्ट्यायची शाळा. साजो चष्मेवाला, अभ्यासू. कुसाकाबे गिटारवाला, मोकाट. साजो रिकाम्या वर्गात एकटाच समूहगीत घोकते, अन् हा त्याले शिकवाले लागते. एवढंच, पण झोप उडाली बाप्पा! फक्त उत्तर आधी येते, प्रश्न मंग. फाइल बिघडली का?

रातराणी: फाइल ठीक हाय. मांगा उजवीकून डावीकडं वाचतात, चौकटीसुद्धा.

कपाशीवाला: हात्तिच्या! अर्धं पुस्तक उलट्या तासानं डवरलं म्हणजे.

वाचनवेडा: पुन्हा वाच. यात भांडणापेक्षा गप्प बसणंच जास्त. २०१६ चा ॲनिमे (जपानी कार्टून) सिनेमाही पाय, तासाभराचाच हाय.

रातराणी: अभ्यासू-मोकाट जोडी मले जुनाट वाटे. पण इथं हुशार पोरगाच गाण्यात अडकते, ते आवडलं.

कपाशीवाला: पुन्हा सुरू केली. मायनं डोकावून पाह्यलं. म्हणे, "चष्मेवाला गुणाचा दिसते, पण जेवत नसन."