कान्हेरीच्या उतारावरची पिवळ्या फुलांची वेल: रानमूग की रानउडीद?

गवतकाठी: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीकडच्या उघड्या, गवताळ उतारावर सप्टेंबरअखेरीस एक वेल फुलली आहे. पान तीन पर्णिकांचं (पर्णिका म्हणजे एका पानातलं छोटं पान), खोडावर ताठ तपकिरी केस, फूल पिवळं. गवताच्या काड्यांना पीळ घालत कमरेएवढी चढली आहे. उन्हाळ्यात तिथे मागमूसही नव्हता, म्हणजे वर्षायू, वर्षभरात संपणारी, असावी. रानमूग म्हणू की रानउडीद? शेंगा कोवळ्या आहेत.

वेलबुट्टी: आधी रानतूर बाद करा, ती याच गवतात चढते. पर्णिका उलटी धरून भिंगातून बघा. लवेत बारीक पिवळट ग्रंथींचे ठिपके दिसले तर रानतूर. तिची शेंग दोन-अडीच सेंटिमीटरची, चपटी, दोन बियांच्या मधे आडवी खाच असलेली. मूग-उडदाच्या फुलातली नौका (खालच्या दोन जुळलेल्या पाकळ्या) पीळदार असते आणि तिच्या एकाच बाजूला शिंगासारखा पोकळ फुगवटा असतो. शिवाय पानाच्या देठाच्या बुडाशी उपपर्णं, म्हणजे छोटी पानासारखी जोडी, ढालीसारखी मधोमध चिकटलेली. या दोन खुणा पटल्या की गट पक्का. फुलं सकाळीच बघा, दुपारी मिटतात.

डोंगरकडा: मूग की उडीद, हे मात्र शेंग भरल्याशिवाय ठरवू नका. पिकत आलेली शेंग आडवी किंवा खाली झुकलेली आणि केस आखूड असतील तर रानमूग. उभी आणि लांब केसांची असेल तर रानउडीद. तरी खरा निकाल बीच देते. उडदाच्या बीवर नाभीभोवती (बी शेंगेला चिकटलेली असते तिथली खूण) उठावदार कड असते, मुगाची नाभी सपाट. रंगावर जाऊ नका, दोन्ही रानटी बिया काळपट-चट्टेदार असतात.

अडचण अशी की वाळलेली शेंग उन्हात तडकते, साली पिळवटतात आणि बी दूर उडते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दव असतानाच जा. राष्ट्रीय उद्यानात काही तोडायचं नाही. अर्धवट उघडलेल्या शेंगेतली बी मोबाइलला मॅक्रो भिंग लावून टिपा.

पाणथळ: पर्णिका खोल तीन खंडांच्या, वेल जमिनीलगत आणि शेंग जवळपास गुळगुळीत असेल तर हे दोन्ही नाहीत, ती मूग-उडदाच्याच प्रजातीतली (Vigna) व्हिग्ना ट्रायलोबाटा. आणि रस्त्याकडेला, कबुतरांना दाणे टाकतात तिथे उगवलेला मूग रानमूग म्हणून नोंदवू नका. तो बहुधा ताठ वाढतो, दाणा मोठा आणि हिरवा असतो, शेंगही सहजी तडकत नाही. नोंदीत उतार, सावली आणि वेल कशावर चढली आहे तेवढं जरूर लिहा.