मिश्रविवाहित कुटुंबासाठी पुण्यात मोकळ्या मनाचा धर्मग्राम कसा शोधावा?

वसईची माहेरवाशीण
मी कॅथलिक, माझे माहेर वसईतले. पती हिंदू आहेत. 12 वर्षांपूर्वी बिशपांची रीतसर परवानगी घेऊन आम्ही चर्चमध्ये विवाह केला आणि दोघांपैकी कोणीही आपला धर्म सोडला नाही. आमच्या गॅलरीत दिवाळीचा आकाशकंदील ज्या खिळ्यावर लागतो, त्याच खिळ्यावर डिसेंबरात नाताळचा तारा चढतो.

जूनपासून आम्ही पुण्यात राहतो. घराजवळच्या चर्चमध्ये मिस्सा (कॅथलिक उपासना) संपल्यावर एका ज्येष्ठ गृहस्थांनी पतींना सर्वांसमक्ष "तुमचा बाप्तिस्मा कधी?" असे विचारले. नऊ वर्षांच्या मुलीने वेदीसेवक (मिस्सेत वेदीपाशी फादरांना मदत करणारे) होण्याची इच्छा सांगितली, तेव्हा "आमच्याकडे फक्त मुलगेच असतात" एवढ्यावर विषय मिटवण्यात आला. पती काही बोलले नाहीत, मात्र पुढच्या रविवारी ते गाडीतच बसून राहिले.

मला श्रद्धेत सवलत नको आहे, पण माझ्या कुटुंबाकडे अपूर्ण काम म्हणून पाहिले जाऊ नये, एवढी अपेक्षा आहे. मुलीच्या प्रथम कम्युनियनची, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या संस्काराची, तयारी यंदा सुरू व्हायची आहे. आम्ही याच धर्मग्रामाशी, म्हणजे या चर्चच्या पॅरिशशी, बांधलेले आहोत का? आणि दुसरा निवडताना नेमके काय पाहावे?

पूर्व पुणेकर
रविवारची मिस्सा कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये ऐकली तरी आपले कर्तव्य पूर्ण होते. मात्र 1983 च्या धर्मविधिसंहितेनुसार धर्मग्राम साधारणपणे हद्दीवर ठरतो आणि पुढे दाखल्यांचा प्रश्न येतोच, म्हणून राहत्या ठिकाणची नोंद काढून घेऊ नये. प्रथम कम्युनियनची तयारी अन्यत्र करायची असल्यास दोन्हीकडच्या प्रमुख धर्मगुरूंशी वर्ग सुरू होण्याआधी बोलावे.

"फक्त मुलगेच" हा विश्वासाचा सिद्धान्त नाही. मुलींना वेदीसेवेची मुभा व्हॅटिकनने 1994 मध्येच स्पष्ट केली आणि निर्णय स्थानिक बिशपांवर सोपवला. अर्थात बिशपांनी मुभा दिली तरी एखाद्या फादरांवर सक्ती होत नाही, हेही खरे आहे. जानेवारी 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत सेवापदेही स्त्रियांसाठी खुली केली. त्यामुळे हा प्रश्न वेदीसेवकांच्या प्रमुखांना न विचारता थेट फादरांना विचारावा, कारण पुष्कळदा जुनी सवयच नियम म्हणून सांगितली जाते.

निवडताना मी स्वतः प्रवचनापेक्षा बारीकसारीक गोष्टींकडे अधिक लक्ष देतो. कम्युनियनच्या रांगेत कोणी छातीवर हातांची फुली करून, म्हणजे कम्युनियन न घेता केवळ आशीर्वादासाठी आले, तर फादर आशीर्वाद देतात की गोंधळून पुढे पाहतात? पवित्र गुरुवारी (ईस्टरआधीच्या गुरुवारी) बारा पुरुषांचेच पाय धुतले जातात का? स्त्रियांना त्या विधीत घेण्याची तरतूद 2016 मध्ये झाली. तरीही जिथे तो बदल पोहोचलेला नाही, तिथे इतर बाबतींत काय असेल याचा अंदाज येतो. धर्मग्राम परिषदेत स्त्रिया आहेत का, आणि असल्यास त्यांच्याकडे केवळ फुलांची सजावट आणि अल्पोपाहार सोपवला आहे का, हे मिस्सेनंतर आवारात दहा मिनिटे उभे राहिल्यावर कळते.

बाकावरचा नवरा
मी हिंदू आहे आणि गेली 21 वर्षे कॅथलिक पत्नीसोबत चर्चमध्ये जातो. आमच्या लग्नाआधी एका धर्मगुरूंनी मुले कॅथलिक वाढवण्याच्या प्रतिज्ञापत्रावर माझीही सही मागितली होती. वास्तविक पोप सहावे पॉल यांनी 1970 मध्येच हा नियम बदलला होता: वचन कॅथलिक जोडीदार देतो आणि दुसऱ्याला त्याची केवळ कल्पना दिली जाते. मी सही केली नाही. दुसऱ्या फादरांनी ते शांतपणे समजून घेतले आणि विवाह पार पडला.

आपल्या पतींना एकच सांगावेसे वाटते. कम्युनियन मिळत नाही याचा अपमान मानू नये, कम्युनियन हा कॅथलिक विश्वासाचा गाभा आहे आणि मी त्या वेळी बाकावर बसून राहतो. बाप्तिस्म्याची चौकशी मात्र निराळी गोष्ट आहे. हिंदू धर्मासह इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्येच जाहीर केले आहे.

समूहप्रमुख
"उदारमतवादी फादर" शोधत धर्मग्राम बदलण्यात एक धोका आहे, कारण काही वर्षांत त्यांची बदली होते. त्याऐवजी आपल्या गल्लीतल्या लहान ख्रिस्ती समूहाची (शेजारच्या कॅथलिक कुटुंबांच्या गटाची) बैठक एकदा आपल्या घरी बोलवावी. जे गृहस्थ चर्चच्या पायरीवर बाप्तिस्म्याची तारीख विचारतात, तेच आपल्या पतींच्या हातचा चहा घेतल्यावर पाण्याच्या टँकरबद्दल बोलू लागतात, हे मी पाहिले आहे. अर्थात मुलीच्या बाबतीत फादरांकडून स्पष्ट नकार आला, तर मात्र थांबू नये.

वसईची माहेरवाशीण
आपण सर्वांनी सविस्तर लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. फादरांची शुक्रवारची वेळ घेतली असून मुलीलाही सोबत नेणार आहे, तिचा प्रश्न तिनेच विचारावा. तोपर्यंत या रविवारी नाना पेठेतल्या सिटी चर्चला जायचे ठरले आहे. ती जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिली आणि 1792 पासून तिथे उपासना होत आली आहे, हे कळल्यावर इतिहासवेडे पती स्वतःहून म्हणाले की या वेळी गाडी लावून आत येतो.