एमएसडब्ल्यू सेकंड इयरचं फील्डवर्क: विद्यार्थ्याच्या हातात केस द्यायची की नाही?

सिंहगडरोड_मुलगी
स्पष्टच लिहिते. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या मास्टर्सच्या, दुसऱ्या वर्षाला स्पेशलायझेशन सुरू होतं, मेडिकल-सायकियाट्रिक, फॅमिली-चाइल्ड, कम्युनिटी, सगळं कागदावर मस्त. पण पुण्यातल्या कितीतरी एजन्सीत (ज्या संस्थेत कॉलेज कामाला पाठवतं तिथं) फील्डवर्क पहिल्या वर्षासारखंच चालतं, आठवड्यातले दोन दिवस जायचं, फॉर्म भरायचे, कार्यक्रम असला की खुर्च्या मांडायच्या आणि रात्री जागून रेकॉर्डिंग, म्हणजे केलेल्या कामाचा अहवाल, लिहायचं. माझं म्हणणं असं की सेकंड इयरला प्रत्येकाला स्वतःच्या तीन-चार केसेस मिळायलाच पाहिजेत, पहिल्या भेटीपासून केस बंद होईपर्यंत, आणि एजन्सीत जागेवर एमएसडब्ल्यू झालेला सुपरवायझर पाहिजे. तो नसेल तर एजन्सी यादीतून काढा, कितीही नावाजलेली असू दे.

मी एका धर्मादाय हॉस्पिटलला होते. तिथं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, त्याचे कागद बघायचं काम सोशल वर्क डिपार्टमेंटकडं. वर्षभर मी फक्त झेरॉक्स तपासल्या. ब्लॉक प्लेसमेंटला, म्हणजे शेवटच्या सलग फील्डवर्कला, एक केस पूर्ण मिळाली, बांधकामावरून पडलेला मजूर, बायको एकटी सोबत, रेशनकार्ड गावाकडं सासऱ्याच्या नावावर, उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा हवा आणि गाव परांड्याच्या पुढं. दिराला फोन करून तहसीलला पाठवणं, इकडं बिलिंगवाल्यांना थोपवणं, आणि त्या बाईला रोज नीट सांगणं की कागद कुठपर्यंत आलाय. एकदा ती माझ्यावर खूप चिडली, म्हणाली तुम्ही सगळे एकच. आता काय बोलायचं ते डिपार्टमेंटच्या मॅडमनी मला पॅसेजमध्ये बाजूला घेऊन सांगितलं, तिथल्या तिथं. आठ दिवसांनी कॉलेजच्या आयसीत (शिक्षकांबरोबरच्या वैयक्तिक चर्चेत) ते कळून काय उपयोग होता?

येरवडा_ताई
मी एजन्सीच्या बाजूनं बोलते, बरीच वर्षं मुलं सांभाळतेय फील्डवर्कची. तुझी कळकळ पटते पण केस म्हणजे माणूस आहे गं. आमच्याकडं बालगृहातल्या मुली आहेत. मुलगी ऑगस्टमध्ये विद्यार्थिनीशी बोलायला लागते, दिवाळीच्या सुट्टीत ही गायब, परत येते तर परीक्षा, मार्चमध्ये कायमची जाते. आई सोडून गेली, मावशी सोडून गेली, आता ही दीदी पण गेली. त्या मुलीला पुढं सावरायचं काम आम्ही करतो, तुमच्या मार्कशीटवर ते कुठंच येत नाही.

दुसरं, गुप्तता. कॉलेजजवळच्या सायबरमध्ये रेकॉर्डिंगची प्रिंट काढताना मी स्वतः पाहिलंय, स्क्रीनवर मुलीचं नाव, गाव, शाळा सगळं उघडं आणि मागं पाच जण रांगेत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार ओळख उघड करणं गुन्हा आहे, हे मुलांना कोण शिकवतं? आधी ते शिकवा, मग केस मागा.

सिंहगडरोड_मुलगी
ताई, प्रिंटचं शंभर टक्के बरोबर. पण सोडून जाण्याचं जे तुम्ही म्हणता त्याला उपाय केस न देणं कसा? पहिल्याच भेटीत सांगायचं की मी मार्चपर्यंत आहे, आणि फेब्रुवारीपासून निरोपाची तयारी करायची, हे पण केसवर्कच आहे. नाहीतर ही मुलगी डिग्री घेऊन जूनमध्ये तुमच्याकडंच नोकरीला लागणार आणि पहिल्यांदा केस तेव्हा हातात घेणार, तेव्हा तर मागं उभं राहायला सुपरवायझर पण नसतो.

अमेरिकेत मास्टर्सला किमान ९०० तास फील्ड लागतं, आणि सुपरवायझर एमएसडब्ल्यू आणि पुढं दोन वर्षं काम केलेला असावा अशी अपेक्षा असते. तास राहू देत, सुपरवायझरची अट तरी घ्या.

पीएमपी_पासवाला
तास राहू देत म्हणताय पण तीन-चार केसेस दोन दिवसांत बसतच नाहीत, म्हणजे शेवटी दिवस वाढणारच. आमच्या वर्गात निम्मी पोरं लातूर, बीड, नांदेडची, संध्याकाळी कुणी मेसमध्ये काम करतं कुणी डिलिव्हरी. होम व्हिजिटचा खर्च पण खिशातून. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२५ पासून सोशल वर्कच्या विद्यार्थ्यांना प्लेसमेंटच्या काळात सरकार पैसे देतं, उत्पन्न बघून. इथं स्टायपेंडचा विषय काढला की सेवाभाव सांगतात. पैसे नसताना काम वाढवलं तर ज्यांच्या घरचे पैसे पाठवतात तेवढेच टिकतील, आणि वस्तीतून आलेली पोरं, ज्यांना वस्ती खरोखर कळते, तीच बाहेर.

आयसी_घेणारा
मी शिकवतो, आणि मूळ मुद्द्यालाच माझा विरोध आहे. सगळ्यांना केस पाहिजे, म्हणजे सगळ्यांना हॉस्पिटल आणि कौन्सेलिंग सेंटर पाहिजे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणं सायकियाट्रिक सोशल वर्करला एमएसडब्ल्यूनंतर वेगळं एमफिल लागतं, त्यामुळं ते सगळं या दोन वर्षांत कोंबण्यात अर्थ नाही. याच पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून. ते एकेक केस घेऊन झालं नाही, कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर रोज राहून, त्यांना एकत्र आणून झालं. आज वस्तीतलं प्लेसमेंट दिलं की विद्यार्थी बदलून मागतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सिंहगडरोड_मुलगी
सर, वस्तीला माझा अजिबात विरोध नाही. वस्तीतल्या मुलांना बचत गटाची एक अख्खी जबाबदारी द्या, किंवा नळ जोडणीचा अर्ज वॉर्ड ऑफिसपासून शेवटपर्यंत, माझ्या हिशोबी ती पण केसच. विद्यार्थी बदलून मागतात कारण तिथं त्यांना सर्व्हेचे फॉर्म देऊन सोडून देतात, विचारायला कुणी नसतं.

येरवडा_ताई
बरं, मी माझ्याकडून सांगते. कॉलेजनं दोन सुटे दिवस न देता आठवड्यात तीन सलग दिवस दिले आणि परीक्षेनंतर दोन महिने मुलगी थांबणार असं लिहून दिलं, तर मी एक केस देईन. चार नाही, एक. रेकॉर्डिंगमध्ये नाव-गाव येणार नाही आणि वही आमच्या कपाटातच राहील.

पीएमपी_पासवाला
ताई, ते जास्तीचे दोन महिने खोलीचं भाडं आणि मेसचं बिल कोण भरणार, ते पण त्याच कागदावर लिहून घ्या.